चिमट्याचा बुश

डहाणू-तलासरी भागात मोटारसायकल हे केवळ माणसांचे वाहन राहिलेले नाही. घोलवड-बोर्डीकडे तिच्यावर चिकूचे क्रेट असतात, तलासरीच्या पाड्यांवर गवताचा भारा नाहीतर खताची गोणी असते. हे ओझे बहुतेक सगळे मागच्या चाकावर येते, आणि मागचे चाक गाडीच्या सांगाड्याला ज्या दांड्याने जोडलेले असते तो दांडा पुष्कळदा माणसाच्या अंगठ्याएवढाही जाड नसतो. हा दांडा आणि त्याच्याभोवतीची धातूची छोटी नळी झिजली म्हणजे काय होते आणि तिच्या जागी दुसरी नळी कशी शोधायची, ते आज पाहू. प्रश्न गॅरेजमधला वाटतो, परंतु त्याचे उत्तर तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आहे.

मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा जो पोलादी काटा असतो, त्याला मेकॅनिक 'चिमटा' म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. चिमट्याचे पुढचे टोक इंजिनाच्या मागे सांगाड्यात आवळलेल्या शाफ्टवर अडकवलेले असते. खड्डा आला की चाक उचलले जाते, चिमटा शाफ्टभोवती काही अंशांतून वळतो, मागचे शॉकॲब्सॉर्बर दाबले जातात आणि चाक पुन्हा खाली येते. दार बिजागरीवर फिरावे तसेच हे. चिमट्याच्या या पुढच्या भागात दोन्ही टोकांना एकेक आखूड नळी घट्ट बसवलेली असते आणि तिच्यातून शाफ्ट जातो. ही नळी म्हणजे बुश.

बुश वेगळा का ठेवतात? चिमटा बदलणे खर्चाचे, शाफ्टही फुकट मिळत नाही. झीज टळणार नसेल तर ती तिघांतल्या स्वस्त भागाची व्हावी, हा त्यामागचा हिशेब. बैलगाडी बनवणाऱ्या सुतार-लोहारांनाही तो ठाऊक होता. चाकाच्या लाकडी तुंब्यात लोखंडी नळी बसवत, म्हणजे आसावर लाकूड घासत नसे; आणि वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगलेलेच असे.

आता ढिलाईचा परिणाम मोजू. समजा, दोन बुशांमधले अंतर २०० मिमी आहे आणि झीज होऊन बुशाचा आतला व्यास शाफ्टपेक्षा ०.५ मिमी मोठा झाला आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण एका बाजूचा बुश मध्यापासून ०.२५ मिमी पुढे आणि दुसऱ्या बाजूचा ०.२५ मिमी मागे सरकू शकतो. म्हणजे २०० मिमी अंतरात ०.५ मिमी तिरकेपणा आला. मागच्या चाकाचा आस शाफ्टपासून ४५० मिमी मागे असेल, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने तिथे ४५० भागिले २०० गुणिले ०.५, म्हणजे सुमारे १.१ मिमी सरक होईल. ही एका बाजूला झाली. दुसऱ्या बाजूलाही तेवढीच धरा. एकूण सव्वादोन मिलिमीटर! चाक नुसते सरकत नाही, त्याची दिशाही बदलते. ज्या चाकाला हँडल नाही ते चाक स्वतःच्या मर्जीने वळू लागते. तलासरीजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एखादा ट्रक शेजारून गेला आणि वाऱ्याचा झोत बसला, की अशी गाडी मागून शेपटी हलवल्यासारखी डोलते. चालवणारा बहुधा टायरला दोष देतो.

दोष टायरचा की चिमट्याचा, हे ओळखणे कठीण नाही. गाडी मधल्या स्टँडवर उभी करा, म्हणजे मागचे चाक अधांतरी राहील. एकाने गाडी घट्ट धरावी. दुसऱ्याने चाक न धरता चिमट्याची दोन्ही टोके धरून आडवी हलवावीत. खट् असा आवाज आला किंवा हाताला हिसका जाणवला, तर ढिलाई चिमट्याच्या बुशात आहे. चिमटा स्थिर आणि नुसते चाकच हलत असेल, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये शोधावा. चाक धरून हलवल्यास दोन्ही ढिलाया एकत्र मिसळतात आणि निदान चुकते.

झीज किती होते, यासंबंधी जॉन आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेला एक साधा नियम आहे. झिजून गेलेल्या पदार्थाचे आकारमान हे भार आणि घासण्याचे एकूण अंतर यांच्या समप्रमाणात व मऊ पृष्ठभागाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. ओझे दुप्पट केले तर झीज दुप्पट. क्रेट चढवताना ही गोष्ट कोणी मनात आणत नाही, ते सोडा. आपल्याला जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे तो असा: झीज कुठे होते?

बैलगाडीचा आस फिरत नाही, चाक फिरते. ओझे नेहमी खालच्या दिशेने, म्हणून आस फक्त खालच्या अंगाने झिजतो. तुंब्यातली नळी मात्र फिरत असल्याने चहूबाजूंनी सारखी झिजते. पिठाच्या गिरणीचा फिरणारा शाफ्ट घेतला तर नेमके उलटे होते. तिथे शाफ्ट सर्व बाजूंनी झिजतो आणि स्थिर बुश एकाच बाजूने. चिमट्याची गोष्ट या दोन्हींहून निराळी. तो पूर्ण फिरतच नाही, काही अंशांतून मागेपुढे डोलतो. त्यामुळे शाफ्ट आणि बुश दोन्ही एकेका अंगानेच झिजतात आणि वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. चेन चाकाला पुढे खेचते, रस्ताही चाकाला पुढे ढकलतो, म्हणून ही झीज बहुधा शाफ्टच्या मागच्या अंगाला आणि चेनच्या बाजूच्या बुशात अधिक आढळते.

इथे एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. बुश मऊ काशाचा आणि शाफ्ट कठीण पोलादाचा, तर झिजायला हवा बुश. पण बोर्डी-डहाणूच्या किनाऱ्याजवळ चालणाऱ्या गाडीचा शाफ्ट काढला, तर कधी कधी त्यावरच खोल चर दिसतो आणि बुश त्या मानाने बरा असतो. मऊ धातूने पोलाद कसे खाल्ले? उत्तर वाळूत आहे. वाळूत गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते साध्या पोलादाहून कठीण असतात. चिखलाबरोबर असे कण आत शिरले की मऊ बुशात रुतून बसतात. बुश आता बुश राहत नाही, तो काचकागद होतो आणि समोरच्या शाफ्टला घासत राहतो. कारखान्यात कठीण धातूला झिलई करताना मऊ धातूवर कठीण भुकटी चोळून याच गुणाचा मुद्दाम उपयोग करतात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने शाफ्टवर गंज चढला असेल तर त्याचे कणही हेच काम करतात. म्हणून नवा बुश शोधण्यापूर्वी शाफ्ट पाहायचा.

बुश शोधताना पहिली पायरी म्हणजे त्याची जात ओळखणे. हल्लीच्या पुष्कळ लहान गाड्यांत दोन पोलादी नळ्यांच्या मध्ये रबर चिकटवलेला बुश असतो. त्यात घासणे नाहीच. आतली नळी सांगाड्याला आवळलेली, बाहेरची चिमट्याला, आणि मधले रबर पिळले जाऊन चिमट्याला वळू देते. अशा बुशाला ग्रीस लावण्यात अर्थ नाही. तेलाने रबर मात्र फुगते. तो बदलताना शाफ्टचा नट शेवटी, चाक जमिनीवर टेकवून आवळावा. चिमटा लोंबकळत असताना आवळला तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. या जातीचे बुश दुकानात गाडीच्या नावाने मिळतात. खरी अडचण येते ती काशाच्या बुशाच्या जुन्या गाडीची. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ ते १९९६ या काळात जावा आणि येझदी मोटारसायकली बनवल्या. २०२२ मध्ये येझदी हे नाव नव्या गाड्यांवर परत आले, पण नाव परत आले म्हणून जुन्या गाडीचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील असे नाही. मग गाडीचे नाव बाजूला ठेवावे आणि मापे सांगावीत. बुशाला गाडी ठाऊक नसते. त्याला आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि लांबी, एवढेच ठाऊक असते.

मापे घ्यायची कशी? झिजलेल्या वस्तूचे मूळ माप झिजलेल्या जागी कसे मिळणार? हे ऐकायला कोडे वाटते, पण शाफ्ट सगळीकडे झिजत नाही. सांगाड्यात आवळलेल्या टोकांवर आणि दोन बुशांच्या मधल्या भागावर काहीच घासत नाही. तिथे कारखान्यातून निघालेले माप जसेच्या तसे जपलेले असते. तसेच बुशाचा बाहेरचा व्यास चिमट्याच्या नळीतल्या घरावरून मिळतो, कारण तिथेही हालचाल नसते. मात्र पूर्वी कोणी ढिला बुश बसवला असेल तर घरसुद्धा वाढलेले असते, म्हणून तेही मोजावे.

शाळेतला स्क्रू गेज ०.०१ मिमीपर्यंत आणि २५ मिमी व्यासापर्यंत मोजतो. एवढ्या कामाला तो पुरेसा आहे. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिमी जाड असतो, यावरून ०.०१ मिमी म्हणजे काय त्याची कल्पना येईल. आधी शून्याची चूक पाहा. मग प्रत्येक ठिकाणी दोन मापे घ्या, एक पुढून मागे आणि दुसरे वरून खाली. समजा, टोकाला दोन्ही मापे १६.०० आली. बुशाच्या जागी वरून खाली १५.९७ आणि पुढून मागे १५.६२ आले. शाफ्ट एका अंगाने जवळजवळ ०.४ मिमी झिजला आहे. एकच माप घेतले असते, आणि तेही वरून खाली, तर शाफ्ट उत्तम आहे असे लिहून तुम्ही मोकळे झाला असता.

व्हर्निअर कॅलिपर वापरणाऱ्यांना दोन सूचना. त्याचे बाहेरचे जबडे रुंद असतात. शाफ्टवर अरुंद चर असेल तर ते चराच्या दोन्ही काठांवर टेकतात आणि चर मोजलाच जात नाही. म्हणून जबड्यांच्या टोकाकडचा पातळ भाग चरात उतरवावा. दुसरी सूचना आतल्या जबड्यांची. लहान भोकात त्यांच्या सपाट कडा भोकाच्या गोलाईला पूर्ण टेकत नाहीत, त्यामुळे माप किंचित कमी येते. एखाद्याजवळ काहीच उपकरण नसेल तर त्याने कागदाची पट्टी शाफ्टभोवती गुंडाळून परीघ मोजावा व ३.१४ ने भागावे. परीघ मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी व्यासात ती ०.१६ मिमीच राहते. दुकानदाराला बुशाचा अंदाज द्यायला हे ठीक, पण शाफ्ट एका अंगाने झिजला आहे की नाही ते कागद सांगणार नाही.

आता वर घेतलेल्या मापांवर विचार करा. नवा बुश आतून किती व्यासाचा करायचा? १५.६२ ला जुळेल असा केला तर शाफ्टचे १६.०० मिमीचे टोक त्यातून जाणारच नाही. १६.०० ला जुळेल असा केला तर झिजलेल्या जागी ढिलाई तशीच राहील. म्हणजे या शाफ्टला कोणताही बुश योग्य नाही! पुष्कळ ठिकाणी पैसे जातात ते इथेच. नवे बुश घातले जातात, गाडी महिनाभर बरी चालते, पुन्हा खट्खट् सुरू होते, आणि 'बुश डुप्लिकेट निघाले' असे म्हणून बोळवण होते.

असे का व्हावे, ते दाबाच्या हिशेबाने कळते. २५ मिमी लांब आणि १६ मिमी व्यासाच्या बुशावर १,००० न्यूटन बल असेल, तर लांबी गुणिले व्यास या क्षेत्रफळावर दाब दर चौरस मिलिमीटरला २.५ न्यूटन पडतो. शाफ्ट लंबवर्तुळाकार असेल तर स्पर्श एखाद्या अरुंद पट्टीपुरता होतो. ती पट्टी ३ मिमी रुंद धरली, तर दाब १३ न्यूटनच्या वर जातो. मऊ बुश तिथे भराभर दबतो आणि झिजतो. काही जण शाफ्टभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळतात. तिचीही गत हीच होते. पट्टी घसरते, तिचे तुकडे ग्रीसमध्ये मिसळतात आणि वाळूचे काम पुढे चालू ठेवतात.

मग उपाय दोन. सर्वांत चांगला, नवा शाफ्ट. तो मिळत नसेल तर जुना ग्राइंडिंग करून सर्व बाजूंनी सारखा बारीक करायचा, आणि त्याच्या नव्या मापाचा बुश करून घ्यायचा. पण ०.४ मिमीचा चर काढायला शाफ्ट किती बारीक होईल, आणि त्याची ताकद किती उरेल, हे टर्नरने पाहूनच ठरवावे. आपण अशा कामात मापे घेऊन द्यावीत, गाडी उघडण्याचे काम मेकॅनिकचे.

या कामासाठी डहाणू-तलासरीतली माणसे पुष्कळदा हद्द ओलांडून उंबरगावला नाहीतर वापीला जातात. याला एक इतिहास आहे. केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि तिथल्या उद्योगांवर मर्यादा घातल्या. गुजरातच्या बाजूला उंबरगाव आणि वापी येथे मोठ्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. यंत्रे जिथे जास्त, तिथे लेथ जास्त, आणि तयार बुशांची दुकानेही जास्त. डहाणू रोडहून गाडीत बसले की घोलवड, बोर्डी रोड आणि मग उंबरगाव रोड. तलासरीहून महामार्गाने वापी. तुमच्या खिशात तीन मापांचा कागद असेल तर काम एका खेपेत होते. तयार बुशांमध्ये आतला आणि बाहेरचा व्यास जुळला आणि लांबी थोडी जास्त असली तरी चालते, कारण लांबी कापता येते. काहीच जुळले नाही तर टर्नरकडून गनमेटलच्या गजातून बुश कातून घ्यावा. गनमेटल म्हणजे तांबे, कथील आणि थोडे जस्त यांचे मिश्रण. पोलादावर पोलाद घासले की सूक्ष्म उंचवटे एकमेकांना चिकटतात आणि ओरबाडले जातात. पोलाद आणि गनमेटल यांच्यात ही चिकटाचिकटी पुष्कळ कमी असते.

कोणी तुम्हांला तपकिरी, किंचित तेलकट बुश देईल. तो काशाच्या भुकटीचा, दाबून आणि भाजून केलेला असतो. त्याच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा बारीक छिद्रांचा असून त्यात तेल भरलेले असते. गरम झाल्यावर तेल बाहेर येते, थंड झाल्यावर केशाकर्षणाने आत जाते. असा बुश पेट्रोलमध्ये धुऊन 'स्वच्छ' करू नये.

बुश घरात घट्ट बसायला हवा, म्हणून तो घरापेक्षा किंचित मोठा करतात. २२ मिमीच्या घरासाठी समजा ०.०३ मिमी मोठा केला. हातोड्याने ठोकला तर मऊ बुशाची कड फुटते. इथे उष्णतेचे प्रसरण मदतीला येते. डहाणूत मासळीसाठी बर्फ मिळतोच. बर्फात भरपूर मीठ मिसळून बुश प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात पुरला, तर तो ३० अंश सेल्सिअसवरून सहज उणे १० अंशांपर्यंत जाईल. काशाचा प्रसरणांक ०.००००१८ धरा: २२ गुणिले ०.००००१८ गुणिले ४० म्हणजे सुमारे ०.०१६ मिमी. बुश तेवढा आकसला. चिमट्याच्या घरावर उकळते पाणी ओतून ते ९० अंशांपर्यंत तापवले, तर पोलादाचा प्रसरणांक ०.००००१२ धरून ते २२ गुणिले ०.००००१२ गुणिले ६०, म्हणजे तितकेच, ०.०१६ मिमी रुंदावते. दोन्ही मिळून ०.०३२ मिमी. बुश जवळजवळ हाताच्या दाबाने आत जातो. मात्र विलंब चालत नाही, कारण स्पर्श होताच दोघांची तापमाने सारखी होऊ लागतात.

घरात आवळला गेल्यामुळे बुशाचे आतले भोकही थोडे लहान होते. म्हणून आतला व्यास शेवटी, बुश बसवल्यानंतर, रीमरने पूर्ण करतात. दोन्ही बुशांमधून एकच लांब रीमर घातला तर दोन्ही भोके एका रेषेत येतात. शाफ्ट आणि बुश यांत अंतर किती ठेवावे? व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागापासून त्याच्या अडीचपटीपर्यंत. १६ मिमीच्या शाफ्टला ०.०१६ ते ०.०४ मिमी. अजिबात अंतर न ठेवणे चुकीचे, कारण ग्रीसला जागा हवी.

ग्रीसच का, तेल का नाही? १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. वरच्या तेलाच्या भोकातून तेल बाहेर येऊ लागले म्हणून त्यांनी भोकाला बूच मारले, तर तेलाच्या दाबाने बूच वर ढकलले गेले. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, हे त्यातून कळले. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. पण थर तयार व्हायला सतत फिरणे हवे. चिमटा काही अंश डोलतो आणि थांबतो, उलट डोलतो आणि थांबतो. तिथे तेलाचा थर टिकत नाही. जागा न सोडणारे घट्ट ग्रीसच तिथे हवे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही टोकांची सीले शाबूत हवीत. सील फाटले की वाळू आली.

सगळे जोडल्यावर, शॉकॲब्सॉर्बर लावण्याआधी, चिमटा हाताने वर उचलून सोडावा. तो स्वतःच्या वजनाने, पण सावकाश खाली यावा. धपकन पडला तर अंतर जास्त, मध्येच अडकला तर कमी किंवा भोके एका रेषेत नाहीत.

जाता जाता एक उदाहरण. एका शाफ्टची स्क्रू गेजने मापे घेतली. गेजची शून्याची चूक अधिक ०.०३ मिमी आहे. दोन्ही टोकांना माप २०.०३ आले. चेनच्या बाजूच्या बुशाच्या जागी वरून खाली २०.०१ व पुढून मागे १९.९१, दुसऱ्या बाजूला अनुक्रमे २०.०२ व १९.९९. शाफ्टचा मूळ व्यास किती? झीज कुठे, किती आणि कोणत्या अंगाने? हाच शाफ्ट ठेवून नवे बुश घालावेत की नाही, हे कारणासह लिहा. मग वर्गातल्या एखाद्याच्या घरी जुनी मोटारसायकल दुरुस्तीला उघडलेली असेल तर तिच्या शाफ्टची अशीच सहा मापे घेऊन पाहा.